न फोडलेल्या बरण्यांचं वजन

९ जानेवारी

भावजी,

नमस्कार, खुशाली वगैरे गृहीत धरा. आज मला तेवढा धीर नाही.

काल नगरपालिकेचा शिपाई आमच्या कचरा निवडायच्या शेडवर एक रंगीत कागद घेऊन आला. म्हणाला, वरून आलाय, भिंतीवर लावा. कागदावर मोठ्या अक्षरात 'विभागातील घनकचरा व पुनर्वापर : पाच वर्षांचा कल', आणि खाली तुमची सही. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, बघा, आमच्या भावजींची सही छापून यायला लागली. निवडायला बसलेल्या सगळ्या बायकांना हाका मारून गोळा केलं, चष्मा पुसला आणि ऐटीत वाचायला लागले. पुढे काय वाचलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. 

तुमच्या त्या चित्रात प्रत्येक गावाचा एक खांब आहे. कुणाचा हिरवा, कुणाचा पिवळा. आपला लाल, आणि इतका बुटका की शिट्टीनं विचारलं, "ताई, हा खांब आहे की शाई सांडलीय?" (शिट्टी म्हणजे ती उंच, काम करताना सतत शीळ घालणारी. मागच्या खेपेला तुम्हाला चहा तिनंच दिला होता.) खाली लिहिलंय, सलग पाच वर्षं घसरण. लाल खांबवाल्या गावांच्या शेड एक एप्रिलपासून बंद, आणि त्यांचा सगळा कचरा ओला-सुका एकत्र करून ट्रकनं तुमच्या नव्या विभागीय भट्टीत जाळायला न्यायचा.

एकत्र करून! भावजी, हे वेगळं ठेवा, ते वेगळं ठेवा, असं घरोघर सांगून माझ्या घशाला कोरड पडली होती. मिसळलेली पिशवी ज्याची त्याच्या दारात परत नेऊन ठेवायची, हा नियम मी केला. त्यापायी डॉक्टरीणबाई वर्षभर मला बघून रस्ता बदलायच्या. आता त्याच लोकांना जाऊन सांगू का, की चुकलं माझं, टाका सगळं एकाच डब्यात?

तुम्ही नोकरीला लागून शहरात गेलात तेव्हा ही शेड म्हणजे वर चार पत्रे आणि खाली चिखल होता. आज इथं इतक्या बायकांची घरं चालतात. तुमचे दादा कोपऱ्यात दुरुस्तीला बसतात. त्यांनी तुमचा कागद वाचला, घडी केली आणि समोरच्या पंख्याखाली टेकू म्हणून सरकवला. तेव्हापासून तुमचा विषय काढला की त्यांचा स्क्रू हरवतो आणि ते तो शोधायला लागतात.

फोन करू नका. पुठ्ठा दाबायच्या यंत्रापाशी उभं राहून माझे कान गेलेत, फोनवर तुमचं बोलणं म्हणजे नुसती गुणगुण. काय ते कागदावर सांगा. आम्ही कमी पडलो कुठे, एवढंच मला कळू द्या.

तुमची (अजून तरी) वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं आणि टपालवाल्यानं ते सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलं. तुम्ही ते कुणाच्या तरी गणिताच्या पेपराच्या पाठीवर लिहिलंय. त्या पोराला मिळालेला भोपळा वरून स्पष्ट दिसत होता, आणि तो माझाच आहे असं आता इथं पसरलंय.

रागावू नका, पण मी काही कुणाच्या पोटावर पाय द्यायला बसलेलो नाही. प्रत्येक गावाची शेड दर महिन्याला कळवते की काट्यावर किती माल चढला आणि पुनर्वापरासाठी विकला गेला. कागद, काच, लोखंड, प्लॅस्टिक. मी ते आकडे घेतले आणि मांडले. आपलं गाव म्हणून आपला खांब ओढून उंच केला असता, तर तुम्हीच माझा कान धरला असता. हायवेवरचं बाजारगाव बघा, त्यांच्याकडे बाटल्यांचे डोंगर निघतात. त्यांचा खांब सगळ्यात उंच, साहेबांनी त्यांना ढाल दिली.

तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही, पण या तक्त्याचं वरपर्यंत कौतुक झालं. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं.

शेड बंद झाली तरी बायका वाऱ्यावर पडणार नाहीत. भट्टीवर कचऱ्याच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहायला माणसं लागतात. रोजचं येणं-जाणं लांब पडेल, एवढंच. आणि अजून सगळं हातचं गेलेलं नाही. मार्चच्या मध्यावर तपासणीचं पथक येईल, आठवडाभराचा माल तोलेल. वजन तक्त्यातल्या किमान वजनाच्या रेषेच्या वर गेलं तर शेड राहील. एवढं मी साहेबांकडून कबूल करून घेतलंय.

तोवर जरा लक्ष घाला. काटा ठीक आहे ना? माल बाहेरच्या बाहेर कुणी विकत नाही ना? इतकी घसरण उगाच होत नसते.

दादाला माझा नमस्कार सांगा. स्क्रू सापडला तर.

तुमचा दीर


६ फेब्रुवारी

भावजी,

तुमच्या त्या एका ओळीनं माझ्या शेडमध्ये काडी टाकली.

काटा आधी तपासला. तुमच्या दादांनी तो उघडून, पुसून, पुन्हा लावला. मग दुकानातून मापं आणून तोलून बघितली. काटा तुमच्यापेक्षा सरळ निघाला. म्हणजे राहिली दुसरी गोष्ट. मी दोन आठवडे पोलिसासारखी डोळे लावून बसले. आणि बघितलं की शिट्टी रोज संध्याकाळी घरी जाताना खांद्यावर पोतं घेऊन जाते. जड पोतं. परवा मी तिला दारापाशी अडवलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, उघड.

पोत्यात बरण्या होत्या. धुतलेल्या. तेलवाल्याचं दुकान तिच्या वाटेवर पडतं म्हणून ती त्या रोज पोचवते, म्हणजे आमचा हातगाडीचा फेरा वाचतो. हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं आणि मीच विसरले होते. मला धरणी दुभंगावी असं झालं. तिथल्या तिथे माफी मागितली. ती "राहू द्या ताई" म्हणाली आणि पोतं उचलून गेली. पण त्या दिवसापासून शीळ बंद आहे. शेडमध्ये इतकं भकास वाटतं की माझ्या अर्धवट कानांनाही ते कळतं.

तेव्हा चोर कुणी नाही. मग घसरण का? मी डोकं खाजवून खाजवून एका निष्कर्षाला आले आहे. आमचे हात भलतीकडे अडकतात. निम्म्या बायका दिवसभर हौदापाशी बरण्या-बाटल्या धुण्यात. तेलवाला घेतो, मधवाला घेतो, औषधवाला पण आता घ्यायला लागलाय. दोघीजणी जुन्या कपड्यांची पुसणी कापतात, ती गॅरेजवाले नेतात. तुमच्या दादांपाशी तर रांगच. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, मोडक्या खुर्च्या. पूर्वी हे सगळं भंगारात यायचं, आता लोक म्हणतात, आधी शेडवर दाखवू. या पसाऱ्यात खरं निवडायचं काम मागे पडत असणार.

म्हणून ठरवलंय, पुढच्या सोमवारपासून बरण्या बंद. दुरुस्ती पण आठवड्यातून एकदाच. सगळ्यांनी निवडायला बसायचं. तुमचे दादा हे ऐकून उठून बाहेर गेले, पण त्यांची समजूत मी काढीन. तुमचा खांब उंच करायचा आहे ना, करते.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

बरण्या बंद करू नका. हे पत्र वेळेत पोचू दे म्हणून मी स्वतः स्टँडवर जाऊन गाडीच्या ड्रायव्हरकडे देतो आहे.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि घास हातातच राहिला. धुतलेली बरणी तुमच्या काट्यावर कधी चढते का? नाही. ती हौदावरून थेट तेलवाल्याकडे. तीच बरणी फुटली असती तर काचेच्या ढिगात गेली असती, तोलली गेली असती आणि माझ्या तक्त्यात पुनर्वापर म्हणून मोजली गेली असती. दादानं दुरुस्त केलेल्या पंख्याचं वजन शून्य. तोच पंखा भंगारात गेला तर तांबं, लोखंड, सगळं जमा. आपला खांब बुटका आहे तो गाव आळशी झालं म्हणून नाही. गाव फेकायचं थांबलंय म्हणून! आणि बाजारगावाला ढाल मिळाली, कारण ते रोज बाटल्या विकत घेतात आणि रोज फेकतात.

मी लगेच दुसरा तक्ता काढला, गावाबाहेरच्या खड्ड्यात एकूण किती कचरा पडतो त्याचा. तोही माझ्याच कपाटात होता. दोन्ही कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. विभागात सगळीकडे तो आकडा वर चाललाय आणि एकट्या आपल्या गावाचा खाली. मी पाच वर्षं उलटं चित्र धरून बसलो होतो. मला माझी लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, आनंद त्याहून जास्त झाला.

तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण भट्टी बांधून झाली. तिला रोज पोटभर लागतं. न फेकणारी गावं घेऊन मी काय करू?"

मी म्हटलं, मग तपासणीचं काय? ते म्हणाले, "वजन दाखवा, शेड ठेवा. शब्द दिलाय."

तेव्हा वहिनी, नीट ऐका. उपाय सोपा आहे. बरण्या येत राहू द्या, पण तपासणीच्या आठवड्यापुरत्या त्या धुऊ नका. फोडा. हौदाजवळ तुमच्याकडे रचून ठेवलेल्याच इतक्या असतील की रेषा सहज ओलांडाल. दुरुस्तीला आलेलं सामानही तेवढ्यापुरतं भंगारात घाला. एक आठवडा. मग पुन्हा तुमचं तुम्ही चालू करा. कुणाचं काही बिघडणार नाही.

घाईत,
तुमचा दीर


१९ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पहिली पानं ऐकताना बायकांचे चेहरे असे उजळले की काय सांगू. आपण कमी पडलो नव्हतो, एवढं एक वाक्य ऐकायला त्या किती दिवस आसुसल्या होत्या. मी तर डोळ्याला पदर लावला. तुम्ही म्हणजे अगदीच वाया गेलेले नाही.

मग शेवटचं पान वाचलं.

 शिट्टी उठली, तुमच्या दादांच्या पेटीतून हातोडा घेतला आणि हौदाशी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मी फोडते. मला दोन पोरी आहेत. मला काम पाहिजे."  मीच तिला चोर ठरवलं होतं, आणि आता तत्त्वं कुठल्या तोंडानं सांगू? मी बाजूला झाले.

तिनं एक फोडली. मधाची, जाड बुडाची. भावजी, आमच्या शेडवर काच रोज फुटते, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण ही फुटली तेव्हा सगळ्याजणी दचकल्या. शिट्टीनं दुसरी उचलली, फिरवून बघितली, पुन्हा खाली ठेवली. "ताई," म्हणाली, "फोडूनच काम टिकवायचं असेल तर मग ते काम फोडायचं झालं. मला निवडायचं येतं." आणि हातोडा जागच्या जागी नेऊन ठेवला.

तेव्हा आमचं उत्तर असं, की नाही. आठवड्यापुरतं नाही आणि दिवसापुरतंही नाही. लोकांनी आमच्यावर विश्वास ठेवून दुरुस्तीला दिलेल्या वस्तू आम्ही तुमच्या साहेबांच्या भट्टीची भूक भागवायला मोडणार नाही. तुमच्या रेषेला सांगा, आम्ही तिच्याखाली मजेत आहोत.

आणखी एक. तुमचे दादा आज तुमच्याबद्दल बोलले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, "तो लहानपणी सगळी खेळणी उघडायचा. आत काय आहे ते बघायला. पण फोडलं कधी नाही एकही." एवढंच म्हणाले. 

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर मिळालं.

तुम्ही सगळ्यांसमोर माझं पत्र वाचून दाखवलंत, छान केलंत. मी तिथं खलनायक झालो असेन. इथं बसून मी शेड वाचवण्यासाठी काय काय केलं ते तुम्हाला दिसत नाही, आणि दिसावं अशी अपेक्षाही नाही. तत्त्वानं शेड राहणार नाही, वजनानं राहील. हे मी ठरवलेलं नाही. भट्टी मी बांधलेली नाही.

मी हात टेकले. पथक सतरा मार्चला येईल. साहेब स्वतः बरोबर असतील, मी नसेन. मला येऊ नका म्हणून सांगितलंय.

दीर


२० मार्च

भावजी,

तुम्ही रुसलात हे कळलं. रुसा. पण तुम्ही इथं नव्हता म्हणून झालेलं सगळं सांगणं माझं काम आहे.

साहेब सकाळी गाडीनं आले. बरोबर दोन माणसं आणि त्यांचा स्वतःचा काटा, आमच्यावर विश्वास नाही म्हणून. आमचे गठ्ठे त्यांनी एकेक करून तोलले. कागद, पुठ्ठा, पत्रा, फुटकी काच. पुठ्ठा ओला तर नाही ना म्हणून बोटं खुपसून बघितली. वजन रेषेच्या खाली आलं, चांगलंच खाली. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "झालं?"

मी म्हटलं, "नाही साहेब. आता सुरू होतंय. चहा घ्या."

आदल्या आठवड्यात आम्ही प्रत्येकीनं आपापल्या गल्लीत जाऊन सांगितलं होतं, की शेडवर जे जे धुऊन नेलंत, नीट करून नेलंत, ते घेऊन या. तोलायचं आणि परत घरी न्यायचं. किती येतील याची मला खात्री नव्हती.  दारातून पहिली कोण आली असेल? डॉक्टरीणबाई! हातात मिक्सर. वर्षभर रस्ता बदलणारी बाई सरळ काट्यापाशी गेली, मिक्सर ठेवला आणि म्हणाली, "लिहा."

मागून तेलवाला आला, हातगाडी भरून बाटल्या घेऊन. मग शाळेचे मास्तर, डोक्यावर खुर्ची उलटी. म्हातारे रेडिओवाले आजोबा, त्यांचा रेडिओ चालूच. कुणी पंखा, कुणी इस्त्री, कुणी शिवणयंत्र दोघांत उचलून. रांग दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेली. जो तो आपली वस्तू काट्यावर ठेवतोय, "लिहा" म्हणतोय, आणि उचलून घरी चाललाय.

काट्यापाशी बसलेला माणूस रडकुंडीला आला. "अहो, यासाठी रकाना नाही कागदावर."

तेलवाला म्हणाला, "मग मोठा कागद घ्या."

साहेब पुढे आले. मला म्हणाले, "बाई, हा काय तमाशा आहे? हा कचरा नाहीये."

"तेच तर सांगतोय आम्ही," मी म्हटलं. "तुम्हाला कळायला एवढी रांग लागली."

अख्खी रांग हसली. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी एकही वस्तू लिहू दिली नाही. निघताना त्यांच्या गाडीचा आरसा लोंबत होता, तो तुमच्या दादांनी न विचारता घट्ट करून दिला. साहेब म्हणाले, "नवाच टाकणार होतो." दादा म्हणाले, "कशाला?" आणि आत निघून गेले. 

मला ठाऊक आहे, कागदावर आम्ही हरलो. पण गाडी वळली आणि मागे शेडमध्ये शीळ वाजली. इतकी जोरात, की मला ऐकू आली.

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

रुसवा संपला. तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नका. तेलवाल्याला माझा साष्टांग नमस्कार सांगा.

पण बातमी वाईट आहे. तपासणीच्या दिवशी मी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापून, खाली खुलासा लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवले होते. परत आल्यावर त्यांनी ते उभ्याउभ्या वाचले आणि केराच्या टोपलीत टाकले. मग मला आत बोलावलं. म्हणाले, "एक तारखेला शेडला कुलूप लावायचं आहे. तुम्ही जा. घरचा माणूस बघून कुणी आरडाओरडा करणार नाही. साखळी, कुलूप, सील, सगळं घेऊन जा आणि तीन तारखेला अहवाल माझ्यापुढे पाहिजे."

मी म्हटलं, मला सोडून कुणालाही पाठवा. ते म्हणाले, "मग टेबल रिकामं करा." खिडकीजवळचं टेबल नव्हे, नोकरीच.

मी तुमच्यासारखा नाही, वहिनी. मला भीती वाटते. घराचे हप्ते, मुलीची शाळा, हे सगळं डोळ्यांपुढे येतं. म्हणून मी येतोय. कुलूप लावीन, मान खाली घालून निघून जाईन. तुम्हाला हात जोडून एकच विनंती, की आडव्या येऊ नका. तुम्ही दारात उभ्या राहिलात तर ते पोलिस पाठवतील, आणि ते मला बघवणार नाही.

दादाला तोंड दाखवायची माझी हिंमत नाही. तो त्या वेळी घरी राहिला तर बरं.

तुमचा


२८ मार्च

भावजी,

या. दारात आडवी येणार नाही, हा माझा शब्द. शिट्टी येणार नाही, डॉक्टरीणबाई येणार नाहीत, कुणी हूं की चूं करणार नाही.

येऊच शकत नाही, कारण दार नाही.

झालं असं, की त्या दिवशीच्या रांगेनंतर दुरुस्तीचं काम दुप्पट झालं. ज्यांना इथं हे होतं हे ठाऊकच नव्हतं तेही वस्तू घेऊन यायला लागले. तुमच्या दादांचं टेबल केवढंसं, जमिनीवर बसून बायकांच्या कंबरा धरल्या. परवा दादांनी इकडे तिकडे बघितलं, शेडचे दोन्ही पल्ले बिजागऱ्यांतून उतरवले आणि सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवे टाकले. असं ऐसपैस टेबल झालंय म्हणून सांगू! आता तिथं शिट्टी पण पंखे उघडायला शिकते आहे. चौकट कशाला ठेवायची, म्हणून ती पण काढली, तिचे पाय केले. मी म्हटलं, अहो, चोर शिरतील. ते म्हणाले, "शिरू देत. काही नीट करून घेऊन जातील."

तेव्हा कुलूप आणा, साखळी आणा. कशाला लावायचं ते तुमचं तुम्ही बघा. त्याच दिवशी भट्टीचा ट्रक पण येणार आहे. त्याला काय द्यायचं ते गावानं ठरवलंय, आणि ते म्हणजे काही नाही.

तुम्हाला भीती वाटते हे वाचून मला बरं वाटलं. मला वाटायचं, मी एकटीच घाबरते. मलाही हप्ते आहेत, भावजी, इथल्या प्रत्येकीला आहेत. तुमच्या नोकरीवर पाणी सोडा असं मी सांगणार नाही. तेवढं मोठं तोंड मला नाही. घाबरून काय करायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दादा घरी राहणार नाहीत. त्यांनी विचारलंय, कुठल्या गाडीनं येताय.

तुमची वहिनी


१ एप्रिल, स्टँडवरून

वहिनी,

मघाशी तुमच्यासमोर मला काही बोलता आलं नाही, म्हणून गाडी लागेपर्यंत इथं बाकड्यावर बसून लिहितोय. सोबतची नक्कल तुमच्यासाठी. मूळ कागद आत्ताच साहेबांच्या नावानं टपालात टाकला. दुरुस्त तक्त्याच्या प्रती पाकिटांत घालून बरोबर आणल्या होत्या, पाठवायची हिंमत होत नव्हती, त्याही टाकल्या. अक्षर सांभाळून घ्या.

दादा मला एवढंच म्हणाला, "ही बाजू धर." मी पल्ल्याची बाजू धरली आणि तो रंधा मारत राहिला. तिथं उभ्याउभ्याच माझं ठरलं.

घरी जाऊन हिला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. पण सांगीन.

तुमचा भावजी


(नक्कल)

प्रति,
विभागीय अधिकारी, घनकचरा विभाग

विषय : केंद्र कुलूपबंद करण्याबाबतचा अहवाल

महोदय,

आपल्या आदेशानुसार मी आज सकाळी सदर केंद्रावर हजर झालो. कुलूप, साखळी, लाख व सील सोबत नेले होते. केंद्रास दार आढळले नाही. दाराचे दोन्ही पल्ले आत आडवे ठेवलेले असून त्यांवर पंखे व इतर वस्तूंच्या दुरुस्तीचे काम चालू होते.

कामावरच्या बायकांना उठवून पल्ले पूर्ववत बसवून घेण्याचा अधिकार आदेशात मला दिलेला आहे. तो मी वापरला नाही. पल्ले जिथे आहेत तिथे उपयोगी आहेत.

भट्टीचा ट्रक दुपारी आला. त्यास गावातून काहीही देण्यात आले नाही. चालकाने लेखी कारण मागितले असता 'कचरा नाही' असे लिहून मी सही केली.

पाच वर्षांच्या कलाचा जो तक्ता माझ्या सहीने प्रसिद्ध झाला तो चुकीचा आहे. त्यात लोकांनी जे फेकले तेवढेच मोजलेले आहे. दुरुस्त तक्ता आपण टोपलीत टाकलात. त्याच्या प्रती मी आज विभागातील सर्व नगरपालिकांना व वर्तमानपत्रांना माझ्या सहीने पाठवल्या आहेत. माझ्याविरुद्ध जी कारवाई करायची असेल ती करावी, मी खुलासा देणार नाही.

या केंद्राला मी आज कुलूप लावलेले नाही आणि यापुढेही लावणार नाही. कुलूप व साखळी वेगळ्या पार्सलाने परत पाठवीत आहे. या कामी दुसऱ्या कुणाला पाठवायचे असल्यास त्यांना येताना दार सोबत आणण्यास सांगावे.

आपला,
तक्ता काढणारा